सत्कार आणि संशय

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एक वाद झाला. वाद लहान होता, पण त्याच्या मुळाशी जो प्रश्न होता तो लहान नव्हता. अमेरिकेतील व अन्य देशांतील चिनी वंशाच्या पदार्थवैज्ञानिकांची एक संघटना आहे. १९९० साली ती ‘ओव्हरसीज चायनीज फिजिक्स असोसिएशन’ या नावाने स्थापन झाली आणि पुढे खगोलशास्त्रज्ञांनाही सामावून घेऊन तिने ‘इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ चायनीज फिजिसिस्ट्स अँड अॅस्ट्रॉनॉमर्स’ असे लांबलचक नाव धारण केले. ही संस्था परिषदा भरवते, तरुण संशोधकांना पारितोषिके देते, आशियात राहून काम करणाऱ्यांचा वेगळा गौरव करते. तिचा उल्लेख निघताच एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “सर, ही तर ज्ञातिसंस्था झाली! आपल्याकडे जातवार मंडळे दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल-श्रीफळ देतात, तसलाच हा प्रकार. विज्ञानाला कुठे वंश असतो?” दुसऱ्या एका जुन्या सहकाऱ्याचा आक्षेप निराळा होता. त्यांचे म्हणणे, ही सगळी मोठ्या पगाराची माणसे; कामगार चळवळीने त्यांची चिंता का वाहावी?

दोन्ही आक्षेप वरवर पाहता समाजवादी वाटतात. मला ते दोन्ही चुकीचे वाटतात, आणि दुसरा तर आपल्या चळवळीच्या इतिहासातील एका काळ्या पानाचे विस्मरण झाल्यामुळेच संभवतो.

ते पान आधी उलटू. चिनी माणूस अमेरिकेत प्रथम मोठ्या संख्येने गेला तो खाणीत आणि रेल्वेच्या बांधकामावर मजूर म्हणून. कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे जाणारा सेंट्रल पॅसिफिकचा लोहमार्ग सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून फोडून काढला तो हजारो चिनी मजुरांनी. १८६७ च्या जून महिन्यात या मजुरांनी संप केला. आम्हाला मजुरी वाढवून द्या, कामाचे तास कमी करा, गोऱ्या मजुराला जे मिळते ते आम्हालाही द्या, एवढीच मागणी होती. कंपनीने डोंगरातल्या त्या छावण्यांना होणारा अन्नाचा पुरवठा तोडला आणि आठवड्याभरात संप मोडला. पुढे काय व्हायला हवे होते? गोऱ्या कामगारांच्या संघटनांनी या संपकऱ्यांना आपल्यात घ्यायला हवे होते. झाले नेमके उलट. कॅलिफोर्नियाच्या ‘वर्किंगमेन्स पार्टी’ने १८७० च्या दशकात चिन्यांना हाकलण्याची घोषणा हेच आपले निशाण केले. सॅम्युअल गॉम्पर्स हे अमेरिकन कामगार चळवळीतील थोर नाव. पण ते आणि त्यांचे फेडरेशन आयुष्यभर चिनी-बंदीचे पुरस्कर्ते राहिले. मालकाने मजुरी पाडण्यासाठी चिनी मजूर वापरला हे खरेच, परंतु त्यावर तोड म्हणून मालकाशी भांडण्याऐवजी मजुरालाच देशाबाहेर काढा, असे म्हणणारी चळवळ कामगारांची असूनही समाजवादी राहत नाही.

१८८२ साली चिनी-बंदीचा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत राहिला, आणि तो रद्द झाला तेव्हा चिन्यांसाठी वर्षाला १०५ जागांचा कोटा ठेवण्यात आला. चीन त्या वेळी अमेरिकेचा युद्धातील दोस्त होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या १०५ या आकड्यातील औदार्य कळते. या कायद्यातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. बंदी मजुरांना होती. व्यापारी, शिक्षक आणि विद्यार्थी यांना ती नव्हती. म्हणजे वंशाच्या नावाने लावलेले दार वर्ग पाहून किलकिले करण्याची सोय कायद्यातच करून ठेवली होती. आज ज्यांच्या गौरवाची चर्चा आपण करतो आहोत ते पदार्थवैज्ञानिक या किलकिल्या दारातून आत गेलेल्यांचे वारस आहेत. हे त्यांच्या संघटनेतील किती जणांच्या स्मरणात आहे कोण जाणे.

बरे, हे विद्यार्थी कोणाच्या पैशाने गेले? इथे माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर जागा होतो. बॉक्सर उठावानंतर १९०१ साली अकरा परकीय सत्तांनी चीनवर पंचेचाळीस कोटी ताएल चांदीची खंडणी लादली. तिच्या वसुलीसाठी जकात आणि मिठाचा कर तारण ठेवण्यात आला. मिठाचा कर कोणाच्या ताटातून वसूल होतो हे शिरोड्याचा सत्याग्रह ज्या प्रदेशात झाला तिथल्या वाचकाला मी समजावून सांगायला नको. अमेरिकेला आपल्या वाट्याची रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे दिसले, म्हणून १९०८ साली तिने अधिकाचा भाग परत करण्याचे ठरवले. पण अट अशी की तो चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकवण्यावर खर्च व्हावा. त्यातून १९०९ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, १९११ साली छिंगह्वा ही संस्था उभी राहिली. क्षेपणास्त्रविद्येचे छियेन श्वेसन १९३५ साली याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, आणि पुढे नोबेल मिळवणारे यांग चेन-निंग १९४५ साली याच निधीतून अमेरिकेला पोचले. अमेरिकेच्या उदारतेचा दाखला म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते. दादाभाईंचे शिष्य म्हणवणाऱ्यांनी तरी ती तशी ऐकू नये. होनान-शांतुंगच्या शेतकऱ्याने मिठावर जो कर भरला, तोच पैसा उपकार म्हणून परत आला आणि व्याज म्हणून त्या देशाची सर्वोत्तम बुद्धी घेऊन गेला.

पुढच्या काळातही हिशेबाची रीत तीच राहिली. त्सुंग-दाओ ली यांनी १९७९ ते १९८९ या काळात ‘कुस्पिया’ नावाची योजना चालवली. चीनमध्ये परीक्षा घ्यायची आणि निवडलेल्यांना अमेरिकन विद्यापीठांत थेट प्रवेश मिळवून द्यायचा. सुमारे नऊशे विद्यार्थी त्यातून गेले. ली यांचा हेतू निर्मळ होता. सांस्कृतिक क्रांतीने एका पिढीचे शिक्षण बुडवल्यानंतर दुसरा मार्गही नव्हता. परंतु जन्मापासून पदवीपर्यंतचा खर्च चिनी जनतेने सोसला आणि काम हाती आले ते अमेरिकन प्रयोगशाळांच्या. जगदीश भगवतींनी १९७० च्या दशकात अशा स्थलांतरितांच्या उत्पन्नावर मायदेशासाठी कर असावा असा प्रस्ताव मांडला होता. तो व्यवहारात कोठेच आला नाही. पवई, कानपूर आणि मद्रास येथून विमानात बसलेल्यांच्या पालकांनाही तो फारसा रुचला नसता, हे जाता जाता नोंदवतो.

आता संशयाकडे वळू. कारण या संघटनेची गरज गौरवातून सिद्ध होत नाही, संशयातून होते.

छियेन श्वेसन यांनी कॅलिफोर्नियात ‘जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी’च्या स्थापनेत भाग घेतला. महायुद्धात त्यांनी अमेरिकन लष्करासाठी काम केले. १९५० साली, मॅकार्थी-युगाच्या उन्मादात, ते १९३० च्या दशकात कम्युनिस्ट होते असा आरोप ठेवून त्यांचा गोपनीय कामाचा परवाना काढून घेण्यात आला. काम बंद पडल्यावर त्यांनी मायदेशी जायचे ठरवले तर त्यांना जाऊही दिले नाही. अटक झाली, आणि नंतर पाच वर्षे पहाऱ्यात ठेवण्यात आले. १९५५ साली कोरियन युद्धातील अमेरिकन कैद्यांच्या सुटकेच्या वाटाघाटींत त्यांना चीनला पाठवण्यात आले. तिथे त्यांनी चीनचा क्षेपणास्त्र-कार्यक्रम उभारला. ज्या संशयाला काही आधार नव्हता तो संशय घेणाऱ्यांनीच खरा करून दाखवला.

याला कोणी जुना इतिहास म्हणेल. तर १९९९ पाहा. लॉस अलामोसमधील वेन हो ली, जन्म तैवानचा. वृत्तपत्रांनी त्यांना जवळजवळ अण्वस्त्रांचे हेर ठरवून टाकले. एकोणसाठ कलमे त्यांच्यावर लावली गेली, आणि हा साठी गाठत आलेला माणूस नऊ महिने एकांतकोठडीत राहिला. सप्टेंबर २००० मध्ये एकोणसाठांपैकी अठ्ठावन्न कलमे मागे घेण्यात आली. उरलेले एक, माहिती गैररीतीने हाताळल्याचे, त्यांनी कबूल केले. हेरगिरी सिद्ध झाली नाही. न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची क्षमा मागितली. २००६ साली सरकारने आणि पाच वृत्तसंस्थांनी मिळून सोळा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवले. न्यायाधीशाने क्षमा मागितली ही त्या देशाच्या न्यायव्यवस्थेची शोभाच आहे. मी ती नाकारत नाही. पण नऊ महिने कोणी परत देऊ शकले नाही.

त्यानंतरही शहाणपण आले असे नाही. २०१५ च्या मे महिन्यात टेंपल विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुखपद सांभाळणारे शिआओशिंग शी यांच्या घरी पहाटे सशस्त्र पोलीस शिरले आणि पत्नी व मुलींच्या देखत त्यांना बेड्या घालून नेले. आरोप असा की ‘पॉकेट हीटर’ नावाच्या, पातळ पटले बनवण्याच्या उपकरणाचा आराखडा त्यांनी ई-मेलने चीनला पाठवला. जाणकार पदार्थवैज्ञानिकांनी तो आराखडा पाहिला तेव्हा निघाले काय, तर ते उपकरण दुसरेच! तपास करणाऱ्यांना विज्ञानही कळले नव्हते आणि कोणाला विचारावे असेही वाटले नव्हते. सप्टेंबरमध्ये खटला मागे घेतला गेला. शी हे अमेरिकेचे नागरिक होते. ज्या गोष्टी कोणत्याही प्राध्यापकाच्या नित्याच्या पत्रव्यवहारात असतात त्या त्यांच्या पत्रव्यवहारात होत्या. फरक एवढाच की पत्रे चीनला जात होती आणि पाठवणाऱ्याचे नाव चिनी होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये तर या वृत्तीला ‘चायना इनिशिएटिव्ह’ असे सरकारी नावच मिळाले. देशाच्या नावाने फौजदारी मोहीम! एमआयटीचे गँग चेन जानेवारी २०२१ मध्ये पकडले गेले, आणि बरोबर वर्षाने आरोप मागे घेण्यात आले. टेनेसी विद्यापीठाचे अनमिंग हू यांची २०२१ सालीच निर्दोष मुक्तता झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही मोहीम गुंडाळण्यात आली. परंतु भीती सरकारी आदेशाने गुंडाळली जात नाही. चिनी वंशाच्या सुमारे तेराशे अध्यापकांच्या एका पाहणीत बहात्तर टक्क्यांनी सांगितले की संशोधक म्हणून आपल्याला सुरक्षित वाटत नाही.

विज्ञानाला वंश नसतो, हे आमच्या तरुण मित्राचे म्हणणे मी शब्दशः मान्य करतो. कोबाल्टच्या अणूला कोणाचे आडनाव ठाऊक नसते. पण पोलिसाला ठाऊक असते, व्हिसा देणाऱ्या कारकुनाला असते, नेमणूक समितीलाही असते. ज्याला वंशामुळे वेगळे काढले जात नाही त्याने वंश विसरा असे सांगणे सोपे आहे. ज्याला त्यासाठीच पकडले जाते त्याने वंशाच्या नावाने एकत्र येणे ही ज्ञातिनिष्ठा नव्हे, तो स्वसंरक्षणाचा पहिला टप्पा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पदार्थवैज्ञानिकांनी १९७७ साली आपली वेगळी संघटना काढली ती याच कारणाने. आणि महाराष्ट्रात बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हाही, तुम्ही वेगळी चूल का मांडता, असे विचारणारे सज्जन होतेच. सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांचे मंडळ आणि संशय ज्यांच्यावर आहे त्यांचे मंडळ, या दोहोंना एकाच तराजूत घालणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे.

जुन्या सहकाऱ्याच्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी एका बाईंची हकीकत सांगतो. चिएन-शिउंग वू १९३६ साली अमेरिकेत आल्या. त्यानंतर आई-वडिलांची भेट कधी झाली नाही. युद्ध, मग क्रांती, मग दोन देशांतील वैर. १९७३ साली त्या परत गेल्या तेव्हा दोघेही हयात नव्हते. अणुबाँबच्या प्रकल्पात त्यांनी काम केले होते (त्याचा अभिमान धरावा असे मी म्हणणार नाही). १९५६ च्या अखेरीस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये, जवळजवळ निरपेक्ष शून्य तापमानाला नेलेल्या कोबाल्ट-६० वर एक प्रयोग केला. निसर्ग डाव्या-उजव्यांत भेद करत नाही असा तोवरचा सिद्धांत होता. ली आणि यांग यांनी त्याबद्दल शंका घेतली होती, आणि वूबाईंच्या प्रयोगाने ती खरी ठरवली. निसर्गही डावे-उजवे पाहतो हे कळल्यावर आपल्या पक्षातील काही मित्रांना समाधान वाटावे! १९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले. वूबाईंना मिळाले नाही. गौरव मात्र पुढे पुष्कळ झाले: १९७५ साली त्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या, १९७८ साली पदार्थविज्ञानातले पहिले वुल्फ पारितोषिक त्यांना मिळाले.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे वेतन त्यांच्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांइतके झाले ते १९७५ साली, नवे विभागप्रमुख आल्यावर. म्हणजे कोबाल्टच्या प्रयोगानंतर अठरा वर्षे जगभर कीर्ती होती आणि पगार कमी होता. १८६७ च्या सिएरा नेवाडातील संपाची मागणी आणि कोलंबियातील या विदुषीची थकलेली मागणी एकच आहे: जे काम तेच वेतन. बौद्धिक श्रम करणारा म्हणजे श्रमिकच नव्हे, असे मानणाऱ्यांनी हे वेतनपत्रक डोळ्यांपुढे ठेवावे.

आणि इथेच या संघटनेवर माझा स्वतःचा आक्षेप सुरू होतो. ती गौरव करते, ठीक आहे. तिचे तरुण संशोधकांसाठीचे पारितोषिक तैवानमधील मॅक्रोनिक्स या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ओळखले जाते. पारितोषिकाला कंपनीचे नाव लागले म्हणून संशोधन खोटे ठरत नाही, पण वूबाईंना पारितोषिकांची वाण नव्हती. वेन हो ली यांना कोठडीत वकील हवा होता, प्रशस्तिपत्र नव्हे. शिआओशिंग शी यांना अमेरिकन फिजिकल सोसायटीने २०२० साली आंद्रेई साखारोव्ह पारितोषिक दिले; ते फार उचित झाले, कारण शी यांनी आपल्यावरचा प्रसंग टळल्यावर गप्प न बसता इतरांसाठी आवाज उठवला. पण असे लढणारे फार थोडे, आणि जे सर्वांत दुबळे आहेत त्यांना लढण्याची सोयच नाही. प्रयोगशाळेतले रात्रंदिवसाचे काम करतो तो व्हिसावर आलेला विद्यार्थी आणि दोन-दोन वर्षांच्या करारावरचा संशोधक. प्रमुखाशी बिनसले तर नोकरी जाते, नोकरी गेली तर देश सोडावा लागतो. मे २०२० मध्ये चीनमधील लष्कराशी संबंध असलेल्या संस्थांतून आलेल्या पदवीधरांचा प्रवेशच अमेरिकन अध्यक्षांनी एका फतव्याने अडवला. अशा मुलाला चाळिशीच्या आतल्या कर्तबगाराचे पदक कधी मिळणार? त्याला कामगार संघटना हवी, आणि तीही फक्त चिन्यांची नको. शेजारच्या टेबलावर बसणारा इराणी, पुण्याहून गेलेली मुलगी, ओहायोचा गोरा पोरगा, सगळ्यांची मिळून हवी. वंशाच्या नावाने उभी राहिलेली संघटना त्या मोठ्या संघटनेत जाण्याची पायरी झाली तर तिचे सार्थक आहे. ती वार्षिक सत्काराची बैठक होऊन राहिली तर माझ्या तरुण मित्राची ‘ज्ञातिसंस्था’ ही शिवी तिला उद्या खरोखरच लागू पडेल.

दुसरा धोका पलीकडून आहे. ‘चिनी वंशाचा शास्त्रज्ञ’ या शब्दप्रयोगावर वॉशिंग्टन हक्क सांगते संशयाने, आणि पेकिंग हक्क सांगते ममतेने. २००८ पासून चीनने परदेशस्थ शास्त्रज्ञांना परत आणण्यासाठी मोठ्या रकमांच्या योजना आखल्या. समाजवादाचे नाव घेणाऱ्या त्या राज्याने आपल्याच शास्त्रज्ञांशी कसे वर्तन केले, हे आपण समाजवाद्यांनीच सांगायला हवे. यांग-ली यांच्या पिढीचे गुरू, छिंगह्वाच्या पदार्थविज्ञान विभागाचे संस्थापक ये छीसुन सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगात गेले आणि १९७७ साली अपमानित अवस्थेतच वारले. पेकिंग विद्यापीठाच्या राव युताई यांनी १९६८ साली आत्महत्या केली. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादालाही तेव्हा बूर्झ्वा ठरवण्यात आले होते. खगोलभौतिकीचे फांग लिझी लोकशाहीबद्दल बोलले म्हणून १९८७ साली पक्षातून काढले गेले. १९८९ च्या जूनमध्ये त्येन आन मन चौकातील हत्याकांडानंतर त्यांना अमेरिकन वकिलातीत वर्षभर आसरा घ्यावा लागला, आणि २०१२ साली ते अॅरिझोनात वारले. अमेरिकेत चिनी म्हणून संशय, चीनमध्ये अमेरिकेचा हस्तक म्हणून संशय. या दोन्ही सत्तांपासून सारख्या अंतरावर उभे राहण्याची जागा त्या संघटनेने जपली, मुख्य भूमी, तैवान आणि हाँगकाँग येथील माणसे एका सभागृहात बसवली, ही तिची पारितोषिकांहून मोठी कामगिरी मी मानतो.

आता शेवटचे, आणि हे अमेरिकेबद्दल नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सरकारने आसाम, दार्जिलिंग, कलकत्ता येथील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले सुतार होते, चामड्याचे कारागीर होते, शाळकरी मुले आणि गरोदर बायका होत्या. खटला नाही, आरोपपत्र नाही. काही जण तिथे १९६७ पर्यंत होते. ज्या देशाने द्वारकानाथ कोटणिसांना चीनला पाठवले, आणि ज्या सोलापूरला त्यांचा अभिमान आहे, त्या देशात हे घडले. आणि सरकारने त्याबद्दल आजवर क्षमा मागितलेली नाही. वेन हो लींची क्षमा मागणाऱ्या न्यायाधीशासारखा कोणी देवलीवाल्यांच्या वाट्याला आला नाही. त्या छावणीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी मिळून लिहिलेले ‘द देवलीवालाज्’ हे पुस्तक २०२० साली निघाले आहे. अभ्यासवर्गाच्या पुढच्या बैठकीसाठी मी त्याची एक प्रत मागवली आहे. आमच्या तरुण मित्राने त्यावर टिपण वाचावे अशी त्यांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे.